कामास असमर्थ, परंतु निरोगी

त्या वर्षी पावसाळा सरता सरता लाळ-खुरकताची साथ आली आणि सरकारने दोन गोष्टी मोजायला काढल्या, जनावरं आणि बाहेरची माणसं. साथ बाहेरच्यांच्या पायांतून येते असं कुणीतरी कुठेतरी बोललं होतं. आमच्या गोठ्यावर जनावरं एकशे अठरा होती आणि बाहेरची माणसं एकोणीस. जनावरांचं एका दिवसात आटपलं. डॉक्टर आले, एकेकीच्या कानात पिवळा बिल्ला ठोकला, जीभ ओढून बघितली, खूर उचलून बघितले, सुई टोचली, झालं. गायींचे कागद आधीपासूनच चोख होते. त्यातल्या निम्म्या समुद्रापलीकडच्या जातीच्या. तिसऱ्या रांगेतल्या काळ्या-पांढरीची आई कोण, आजी कोण, आजी दिवसाला किती लिटर द्यायची हे मालकांना तोंडपाठ होतं. पाहुणे आले की म्हणून दाखवायचे.

माणसांना दोन आठवडे लागले.

आम्ही चौघं. दादाचा परवाना धार काढण्याचा, माझा शेण काढण्याचा आणि वहिनीचा दादाची बायको असण्याचा. आईचा परवाना तीस दिवस भेटायला येण्याचा होता. ती येऊन तीन वर्षं झाली होती. भेट जरा लांबली होती.

नदीने आमचं घर नेलं त्या साली ती आली. घर नेलं म्हणजे भिंत पडली, पत्रे उडाले, असं नाही. घर होतं तिथून आता नदी वाहते. मोजणीवाल्याच्या तक्त्यात ‘मूळ पत्ता’ असा रकाना होता. दादाने गावाचं नाव लिहिलं आणि पुढे कंसात ‘पाण्याखाली’ असं लिहिलं. मोजणीवाल्याने कंस खोडला. पत्त्यात शेरे चालत नाहीत म्हणाला. मग त्याने आईच्या नावापुढे लाल फुली मारली आणि दादाला सांगितलं की महिनाभरात एकतर हिला परत पाठवा, नाहीतर दया परवान्याचा अर्ज करा.

कचेरी बसने तासाभरावर. एक खोली, एक टेबल, एक साहेब. सोमवार ते बुधवार दारावर ‘दया कक्ष’ अशी पाटी असायची. गुरुवारी सकाळी पट्टेवाला ती उलटी करायचा. मागच्या बाजूला ‘दक्षता कक्ष’ लिहिलेलं होतं. जागा दोन मंजूर होत्या, भरलेली एकच. साहेब जाडजूड, गुडघे दुखणारा, दर पाच मिनिटांनी चष्मा पुसणारा माणूस होता. आम्ही आपसात त्याला चष्मेवाले म्हणायचो.

पहिल्यांदा गेलो तो नेमका गुरुवार निघाला. दक्षतेच्या दिवशी समोरच्या खुर्च्या बाहेर काढून ठेवलेल्या असत. दादाने उभ्यानेच तोंड उघडलं, तर चष्मेवाल्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. हळूच म्हणाले, “आज काही सांगू नका. आज सांगितलंत तर मला विचारावं लागेल की तीन वर्षं तिला लपवली कुणी. सोमवारी या.”

सोमवारी खुर्च्या आत होत्या. चष्मेवाल्यांनी बसा म्हटलं, पाणी दिलं, आईचं वय विचारलं, नदीचं ऐकून दोनदा च्‌ च्‌ केलं. मग नियम वाचून दाखवला. अर्जदाराची आई कामाला येत असेल तर ती इथल्या कुणाचं तरी काम घेते, म्हणून परवाना नाही. आजारी असेल तर इथल्या कुणाची तरी दवाखान्यातली खाट अडवते, म्हणून परवाना नाही. दया दाखवण्यास पात्र व्यक्ती ही कामास असमर्थ, परंतु निरोगी असली पाहिजे.

दादाने विचारलं, “म्हणजे कशी, साहेब?”

“तसं लिहिलंय,” चष्मेवाले म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

येत्या पंधरा दिवसांत ते स्वतः पाहणीला येणार होते. न कळवता. आई काम करताना दिसता कामा नये आणि खोकतानाही दिसता कामा नये.

घरी येऊन दादाने हे सगळं वहिनीला समजावलं. असमर्थ, पण निरोगी. जेवण नीट पाहिजे, रंग पाहिजे, चालताबोलता यायला पाहिजे, पण काम म्हणून होता कामा नये. वहिनी चुलीपाशी बसून ऐकत होती. म्हणाली, “मग एवढं काय. आपल्या मुकादमासारखं राहायचं.”

आई सात वर्षांची असल्यापासून धारा काढत आलेली. तिची बोटं माझ्या अंगठ्याएवढी जाड आणि मनगटं दादाच्या मनगटांहून रुंद होती. तिला आम्ही खोलीच्या दारात बाजेवर बसवलं आणि बसून राहा म्हणून सांगितलं. तिने विचारलं, बसून काय करू? दादा म्हणाला, बस. ती म्हणाली, बसलेय की, आता काय करू?

आमची खोली गोठ्याच्या मागच्या अंगाला. समोर दहा पावलांवर शेणखड्डा. एकशे अठरा जनावरांचं शेणमूत नाल्यातून तिथे येऊन पडायचं. पुरुषभर खोल, वरून वाळून साय धरलेली, सायीवर गवत उगवलेलं. नवख्याला वाटावं परसातलं हिरवं अंगण आहे. टँकर लावायला अडचण होते म्हणून मालकांनी पुढचं कुंपण काढायला लावलं होतं. आम्हाला कुणालाच त्याची गरज वाटायची नाही. कुठली जमीन आणि कुठला खड्डा हे आमच्या पायांना माहीत होतं. मी रोज बेचाळीस घमेली शेण त्या खड्ड्यात लोटायचो, आणि आता आई ते मोजत बसायची. एका दुपारी मला म्हणाली, आज एक्केचाळीसच झाली.

दुसऱ्या दिवशी ती पांघरुणाचं टोक मुठीत धरून पिळताना दिसली. अंगठा वर, चार बोटं एकामागून एक मिटायची, सोडायची, पुन्हा मिटायची. कास असल्यासारखी. वहिनीने पांघरूण काढून घेतलं. मग ती स्वतःचाच अंगठा पिळायला लागली. तिसऱ्या दिवशी तिची बोटं सुजली. काम करून सुजलेली बोटं आम्ही पुष्कळ पाहिली होती. न करून सुजलेली पहिल्यांदाच पाहत होतो.

संध्याकाळी धारा आटपल्या की दादा तिची तालीम घ्यायचा. गुडघ्यावर हात ठेवून उठायचं. उठताना ‘आई गं’ म्हणायचं, पण फार मोठ्याने नाही, नाहीतर दुखणं वाटेल. तांब्या दोन हातांनी धरायचा. आई सगळं ऐकून घ्यायची आणि सरळ उठून उभी राहायची.

दादा म्हणायचा, “असं नाही गं. म्हातारी माणसं उठतात तसं ऊठ.”

“म्हातारी माणसं अशी उठतात?”

“उठतात.”

“मी नाही कधी पाहिलं,” आई म्हणायची. आमच्याकडच्या म्हाताऱ्या उठतच नसत म्हणे. एकतर कामावर असत, नाहीतर गेलेल्या असत.

त्यात तिला खोकला झाला. बसून राहिल्याने झाला असं तिचं मत. वहिनीने तिला गरम पाणी पाजलं आणि खोकला आला तर गिळायचा असं बजावलं. आई दारात बसून खोकला गिळायची. डोळे भरून यायचे, मान ताठ व्हायची, पण आवाज काढायची नाही. त्या दिवसांत ती फार सुखी माणसासारखी दिसायची. बसलेली, डोळ्यांत पाणी.

इकडे गोठ्यात वेगळाच गोंधळ. तीन पहिलारू गायी नुकत्याच व्यालेल्या. त्यांना यंत्राचा आवाज सोसायचा नाही. आई त्यांच्या पोटाला डोकं टेकून, हाताने, तोंडाने काहीबाही पुटपुटत धार काढायची. आई बसली तशा तिघींनी पान्हा चोरला. कास दगडासारखी, आणि हात लावला की लाथ. एक लाथ दादाला बसली, दोन मुकादमाला. मुकादम लंगडत आमच्या दारात आला आणि म्हातारीला बसायला काय धाड भरलीय म्हणून विचारायला लागला. वहिनीने त्याला सांगितलं की त्या असमर्थ आहेत. तो म्हणाला, परवापर्यंत तर होती की समर्थ. वहिनी म्हणाली, सरकारने विचारलं नव्हतं तोवर होत्या.

मग मालक आले. मालक चांगले होते. आई आमच्या घरचीच आहे असं ते नेहमी म्हणायचे. घरचं माणूस म्हणून त्यांनी तिला कधी कामगारांच्या पटावर घेतली नव्हती. त्यामुळे आता तिने काम सोडलं असंही त्यांना म्हणता येईना. जे नव्हतंच ते सोडणार कसं? त्यांनी इकडेतिकडे पाहून दादाला विचारलं की पहाटे पहाटे, मागच्या दाराने, फक्त त्या तिघींपुरती येईल का. दादाने मान खाली घालून नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तो मालकांना नाही म्हणाला.

दहाव्या दिवशी, बुधवारी, सकाळी दहाच्या सुमाराला जीप आली.

चष्मेवाले एकटेच उतरले. चालक जीपमध्ये पेपर वाचत बसला. मी हातगाडी घेऊन नाल्यापाशी होतो, दादा धारा आटपून बादल्या धूत होता, मुकादम कुणाच्या तरी नावाने शंख करत उभा होता. चष्मेवाल्यांना पाहून तो एकदम मऊ झाला आणि त्यांना आमच्या खोलीकडे घेऊन आला. दया कक्षाचा दिवस होता. चष्मेवाले आईशी छान बोलले. जेवण जातं का? जातं. झोप लागते का? लागते. काही काम होतं का हातून? आईने दादाकडे पाहिलं आणि म्हणाली, नाही होत. हे मात्र तिने इतकं वाईट वाटून म्हटलं की तालमीत तसं एकदाही जमलं नव्हतं. चष्मेवाल्यांनी लिहून घेतलं. खोली पाहिली, चूल पाहिली, तांब्या दोन हातांनी धरलेला पाहिला. मग म्हणाले की आता एक फोटो झाला की काम संपलं. अर्जदाराची आई निवासस्थानासमोर निष्क्रिय बसलेली, असा फोटो लागतो. निवासस्थान पूर्ण दिसलं पाहिजे.

आई बाजेवर बसली. चष्मेवाल्यांनी फाईल काखेत धरली, फोन डोळ्यांसमोर धरला आणि एक पाऊल मागे गेले. आई आली, छप्पर आलं नाही. अजून एक पाऊल मागे गेले. फोन उचलला तसं छप्पर आलं, दार गेलं. दादाने ‘साहेब’ म्हणून हाक मारली, पण सरकारी माणसाला काम करताना मध्येच कसं टोकायचं म्हणून अशा आवाजात मारली की ती मलाही नीट ऐकू आली नाही. चष्मेवाले आणखी दोन पावलं मागे गेले, समाधानाने ‘हां’ म्हणाले आणि गवतात गेले.

आवाज झाला नाही. जाड साय फाटते तसं झालं. आधी कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. फोन गेला. फाईल काखेतून सुटून जराशी तरंगली आणि बसली. चष्मा नाकावरच होता. त्यातून ते आमच्याकडे बघत होते.

इथे मला एक सांगायला पाहिजे. आम्ही तिघं पुरुष उभे होतो. मुकादम म्हणाला, “कुणी हात लावू नका, सरकारी माणूस आहे.” हे तो का म्हणाला हे त्यालाही सांगता आलं नसतं, पण आम्हाला पटलं. हाताखाली काही झालं तर? गळा आवळला, बुडवला, असं कुणी म्हटलं तर? माझ्या हातात लांब दांड्याचं फावडं होतं. ते पुढे करावं एवढंच करायचं होतं. मी ते घट्ट धरून ठेवलं. चष्मेवाल्यांच्या हनुवटीला शेण लागलं.

आई उठली. गुडघ्यावर हात न ठेवता उठली. बाज उचलून तिने पालथी खड्ड्यावर फेकली, तिच्यावर पोटावर आडवी पडली आणि सरपटत पुढे गेली. जाताना खुंटीवरचं दावं घेतलेलं होतं. ते तिने चष्मेवाल्यांच्या काखांखालून घातलं, पाठीशी गाठ मारली आणि आमच्याकडे न बघताच म्हणाली, पाय धरा माझे. तेवढं आम्ही केलं. आईचे पाय सरकारी नव्हते.

बाकी सगळं तिने अडलेल्या वासराचं करतात तसं केलं. नुसतं ओढलं तर शेण सोडत नाही, उलट आत घेतं. ती दावं ताणून थांबायची आणि त्यांच्या कानाशी म्हणायची, “आता जोर कर बाबा. कर जोर. आता थांब. श्वास घे.” तो ब्याण्णव किलोचा माणूस डोळे मिटून जोर करायचा, ती ओढायची. तो थांबला की ती थांबायची. पाच-सहा कळांत तो खांद्यांपासून सुटला, मग एकदम सगळाच बाहेर आला. बूट आत राहिले. आईने त्यांना ओढत जमिनीवर आणलं, कुशीवर केलं, तोंडात दोन बोटं घालून घाण काढली, नाक पिळलं, आणि श्वास नीट येईना तशी गवताची काडी त्यांच्या नाकपुडीत घातली. त्यांनी मोठ्याने शिंक दिली. आई म्हणाली, “झालं. आला.” आणि गोणपाटाने त्यांची पाठ खसाखसा चोळायला लागली.

इतक्या दिवसांचा गिळलेला खोकलाही तिने तेवढ्यात खोकून घेतला.

चष्मेवाले गोणपाट गुंडाळून पाऊण तास आमच्या दारात बसले. वहिनीने गरम दूध दिलं. ते पिताना रडत होते. जाताना त्यांनी आईचे दोन्ही हात हातात धरले. दादाला म्हणाले, काळजी करू नका. जीपच्या चालकाने सीटवर पेपर अंथरला आणि ते गेले.

त्या दिवशी आमच्या घरात सण असल्यासारखं वाटत होतं. वहिनी म्हणाली, आता परवाना कसला, साहेब स्वतः आईंना शोधत येतील. दादा हसला, दोनदा. गोठ्यात मुकादम सगळ्यांना सांगत होता की त्याने साहेबांना कसं ओढून काढलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या सांगण्यात आई बाजेवर बसून पाहत होती आणि त्याचा खांदा निखळता निखळता वाचला होता. आम्ही काही बोललो नाही. बोलून काय करायचं होतं?

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, पट्टेवाला सायकलवरून आला. अंगात खाकी कपडे, हातात जाड रजिस्टर. त्याने आम्हाला खोलीसमोर उभं केलं आणि म्हणाला, “काल साहेबांना खड्ड्यातून कुणी काढलं त्याचं नाव लिहायचंय. पुरुष कोण कोण होते इथे?”

रजिस्टर उघडलं. वरती ‘दक्षता कक्ष’ असा शिक्का होता. पेनचं टोपण काढलं.

मुकादम म्हणाला, “मी गोठ्यात होतो. मला तर नंतर कळलं.”

दादा म्हणाला, तो बादल्या धूत होता.

पट्टेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मी गाडी लावत होतो.

तो तसाच थांबला. पेन कागदावर टेकवलेलं. “नीट आठवा,” म्हणाला, “घाई नाही मला. एवढा जड माणूस, कुणातरी गड्यानेच काढला असेल ना?” मग पुन्हा एकेकाकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मला वाटलं हा माझा चेहरा लक्षात ठेवतोय. मी खाली बघितलं. दादाही खाली बघत होता. मुकादम आभाळाकडे बघत होता.

दारातून आई म्हणाली, “मी काढलं की. का हो, बरं नाही का त्यांना?”

पट्टेवाल्याने लिहून घेतलं. लिहायला त्याला फार वेळ लागला.

बाराव्या दिवशी पाकीट आलं. अर्जदाराची आई ही ब्याण्णव किलो वजनाची व्यक्ती विनासहाय्य ओढून काढण्याइतपत सक्षम असल्याचे सिद्ध होत असून तिला दयेस अपात्र ठरवण्यात येत आहे. सात दिवसांत रवानगी.

दादाने आणि मी बुधवार बघून कचेरी गाठली. खुर्च्या आत होत्या. चष्मेवाल्यांनी बसा म्हटलं, पाणी दिलं. दादा बसला नाही, पाणीही घेतलं नाही. त्याने पाकीट टेबलावर ठेवलं.

“फाईल बुडाली होती,” चष्मेवाले म्हणाले. “बुडाली नसती तर काही लिहावं लागलं नसतं. सरकारी कागद भिजला की का भिजला ते लिहावं लागतं. मी पडलो म्हणून लिहिलं. पडलो तर वर कसा आलो तेही लिहावं लागतं. आपोआप वर आलो असं लिहिता येत नाही.”

“दुसऱ्या कुणाचं नाव लिहायचं.”

“लिहिणारच होतो. म्हणून तर पट्टेवाल्याला पाठवला. कोणत्याही पुरुषाचं नाव चाललं असतं. त्या मुकादमाचं, तुमचं, तुमच्या या भावाचं. पुरुष कोण होते असंच विचार म्हणून सांगितलं होतं त्याला. दोनदा विचार म्हणालो होतो.” त्यांनी चष्मा काढला. “तुम्ही तिघं होतात. मी आतून बघत होतो.”

मी म्हणालो, पट्टेवाल्याने तसं सांगायला पाहिजे होतं, कानात सांगितलं असतं तरी चाललं असतं. चष्मेवाले म्हणाले की तो कसा सांगणार, त्यालाही नोकरी आहे. मी म्हणालो, मग तुम्ही आमच्यापैकी एकाचं नाव घालून टाकायचं, न विचारता. आम्ही काय नाकारायला येणार होतो?

“आला असतात,” ते म्हणाले. “वरून कुणी येऊन विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, आम्ही नव्हतो. मग मी खोटं लिहिलं असं झालं असतं.” बराच वेळ चष्मा पुसून झाल्यावर त्यांनी तो हातातच ठेवला. “मला भीती वाटली. लिहिताना गुरुवार होता. पण खरं सांगू का, मला बुधवारीही वाटते. चेहरा फक्त तसा ठेवावा लागत नाही.”

दादाने विचारलं, “आज लिहिता येईल?”

“वर गेलंय,” चष्मेवाले म्हणाले.

आम्ही उठलो. म्हणजे मी उठलो, दादा उभाच होता. दारापर्यंत ते सोबत आले. आईंना सांगा, म्हणाले, आणि तिथेच थांबून चष्मा पुसायला लागले. बसमध्ये दादा आणि मी वेगवेगळ्या बाकांवर बसलो. जागा शेजारी शेजारी होत्या.

आईला आम्ही यातलं काही सांगितलं नाही. नियम आहे, एवढंच सांगितलं. तिने विचारलं, मी त्या दिवशी उठायला नको होतं का रे? दादा म्हणाला, नाही, तसं काही नाही. वहिनीला सांगावं लागलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापत राहिली. त्या दिवसानंतर तिने मुकादमावरून एकही विनोद केला नाही. दादाला वाढताना ताट हातात द्यायची ती खाली ठेवायला लागली.

एक गोष्ट मात्र झाली. आई आता कागदोपत्री समर्थ होती. त्यामुळे उरलेले दिवस तिला लपायचं कारण राहिलं नाही. ती पहाटे आमच्या आधी गोठ्यात जायची. तिन्ही पहिलारूंनी पहिल्याच दिवशी पान्हा सोडला. तिच्या बोटांची सूज उतरली, खोकला गेला, जेवण वाढलं. मालक येऊन बघून गेले आणि म्हणाले, बघा, कामात माणूस कसं बरं राहतं. ते तिला काही दिवस ठेवून घ्या असं वर कुणाला सांगतील का, असं दादाने विचारलं. मालक म्हणाले की त्यांनी सांगितलं असतं, पण ती पटावर नाही ना. पटावर नसलेल्या माणसासाठी बोलले तर ती इथे काय करत होती असं विचारतील. दुपारी आई वहिनीला धार शिकवायची. पोटाला कपाळ टेक. हात थंड नको. आधी अंगठा, मग बोटं. काहीतरी बोलत राहा, काहीही बोल, तिला शब्द नाही कळत. वहिनी बोलायची नाही, नुसती रडायची. गाईला तेही चाललं.

मंगळवारी सकाळी गाडी आली. पिंजऱ्याची नव्हती, साधी बारा सीटांची, खिडक्यांना पडदे असलेली. आत आधीच पाच माणसं बसलेली होती, त्यात एक बाई मांडीवर शिवणयंत्राचं डोकं घेऊन. सोबत एक तरुण शिपाई आणि एक बाई शिपाई. दोघंही नीट बोलत होते. बाई शिपायाने आईची गाठोडी उचलायला हात पुढे केला. आईने दिली नाही. दादाने विचारलं, नेऊन सोडणार कुठे? तरुण शिपायाने कागद पाहून गावाचं नाव वाचलं. दादा म्हणाला, तिथे पाणी आहे. शिपाई म्हणाला, आमचं काम हद्दीपर्यंत, पुढचं पलीकडचे बघतील. तोही चेहऱ्याने वाईट माणूस वाटला नाही.

गोठ्यातून मुकादम बघत होता, जवळ आला नाही. वहिनी आत गेली ती बाहेर आलीच नाही.

आई गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होती तेव्हा बाई शिपायाने पॅड पुढे केलं. नातेवाइकाची सही लागते म्हणाली. सदर व्यक्ती सुदृढ अवस्थेत ताब्यात दिली, अशी. पुरुष नातेवाईक असेल तर बरं. नाव पूर्ण लिहायचं.

दादा आणि मी एकदमच पुढे झालो. इतके एकदम की आमचे खांदे आपटले.

“एकच लागते,” बाई शिपाई म्हणाली.

दादाने पेन घेतलं. त्याचं टोक कागदावर टेकवून तो तसाच राहिला. आई वरून बघत होती. म्हणाली, “धाकट्याला दे. त्याचं अक्षर चांगलं आहे.”

दादाने पेन माझ्या हातात दिलं. मी नाव लिहिलं. आधी माझं, मग वडिलांचं, मग आडनाव. एकही अक्षर न गाळता.